पाहावी कॉइल बदलून

‘घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून’ असं आपले पूर्वज सांगून गेले. पूर्वजांकडे मोटार नव्हती, त्यामुळे यादी तिथेच संपली. मोटार असती तर ‘आणि जुन्या गाडीच्या हीटरची कॉइल पाहावी बदलून’ एवढं शेपूट त्यांनी निश्चित जोडलं असतं. घर बांधताना भिंत कुठे आहे हे निदान दिसतं. लग्नातही मंगलाष्टकं म्हणणारे गुरुजी समोर उभे असतात. हीटरची कॉइल मात्र अशा जागी बसवलेली असते, की ती बसवणाऱ्यालाही पुन्हा कधी भेटत नाही.

हा लेख मी भांडण्यासाठी लिहितो आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे नंतर कुणी ‘अहो, तुम्ही विनोदी लिहिता ना?’ असं विचारायला नको. भांडण कुणा एका कंपनीशी नाही. मोटार कागदावर आखणारे जे जे विद्वान आहेत, त्या सगळ्यांशी आहे. माझं म्हणणं एवढंच, की एखादी वस्तू विकताना ती दुरुस्त करायला किती वेळ लागतो, हे घेणाऱ्याला सांगितलं पाहिजे. बस. यासाठी मोर्चा काढावा लागेल असं मला वाटलं नव्हतं, पण लक्षणं तशी आहेत.

मोटारीत हीटर असतो, ही बातमी पुष्कळ पुणेकरांना नवीन वाटेल. डॅशबोर्डवर एक नॉब असतो. त्याच्या एका बाजूला निळा रंग, दुसऱ्या बाजूला लाल. आपलं सारं आयुष्य निळ्या बाजूला जातं. लाल बाजूला नॉब फिरवतात ती फक्त मागच्या सीटवरून पुढे वाकलेली पाहुण्यांची मुलं. पण त्या लाल रंगामागे खरोखरच काहीतरी असतं. इंजिनात जे पेट्रोल जळतं, त्याच्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा गाडी हलवण्याच्या कामी येतो. तेवढाच हिस्सा धुराबरोबर सायलेन्सरवाटे निघून जातो आणि उरलेल्यातला बराचसा इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात, म्हणजे कूलंटमध्ये उतरतो. हे ऐंशी-नव्वद अंशांचं पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये निवायला जातं. त्यातलंच थोडं दोन रबरी नळ्यांतून गाडीच्या आत आणायचं, शाळेच्या दीडशे पानी वहीएवढ्या एका चिमुकल्या रेडिएटरमधून फिरवायचं आणि त्यावर पंख्याने वारा घालायचा, की झाला हीटर. बंबात पाणी तापवून झाल्यावर उरलेल्या निखाऱ्यांत रताळी भाजणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना ही कल्पना तत्काळ पटली असती. फुकटची ऊब! या चिमुकल्या रेडिएटरला कंपनीच्या पुस्तकात ‘हीटर कोअर’ म्हणतात. आमचा गॅरेजवाला ‘हीटरची कॉइल’ म्हणतो. काम गॅरेजवाल्याने करायचं असल्यामुळे मी त्याचाच शब्द वापरणार आहे.

आमची गाडी २००७ सालची. कूलंट दर दोन वर्षांनी न चुकता बदललेलं, पावत्या फायलीत लावलेल्या. तरी गेल्या पावसाळ्यात गाडीत गोड वास येऊ लागला. ‘गुळाची ढेप डिकीत राहिली आहे का?’ असं हिने विचारलं. मग पुढच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरू लागलं. ते फडक्याने पुसलं की जात नसे, नुसतं पसरत असे. शेवटी हिच्या पायाखालचं मॅटिंग ओलं झालं. आधी आळ छत्रीवर गेला, पण छत्री कोरडी असतानाही मॅटिंग ओलंच. गाडीखाली थेंब नाही आणि कूलंटची पातळी मात्र रोज थोडी खाली. ही सगळी एकाच रोगाची लक्षणं. कॉइल गळते, कूलंट आत सांडतं, त्याची वाफ काचेवर बसते. वास गोड असतो, कारण कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीलाही गोड असतं आणि विषारी असतं. म्हणून तर सांडलेलं कूलंट चाटणारी कुत्री-मांजरं दगावतात. तेव्हा ‘येतोय वास तर येऊ दे’ म्हणून सोडून देण्यासारखं हे प्रकरण नव्हे. घाटात, पावसात, समोरून ट्रक येत असताना काचेवर पाकाचा थर असणं ही काही गंमत नाही.

आता आपल्याकडे माणूस आजारी पडला तर लोक डॉक्टर सुचवतात. गाडी आजारी पडली तर गिऱ्हाईक सुचवतात. बंगळूरहून चिरंजीवांचा फोन आला, ‘बाबा, विकून टाका.’ मेहुणे म्हणाले, ‘दाजी, अजून वापरताय ती?’ शेजारचे निवृत्त बँक अधिकारी तर कागद-पेन्सिल घेऊनच आले आणि घसारा काढून माझ्या गाडीची किंमत ऋण येते, असं त्यांनी सिद्ध करून दाखवलं. एका दीडशे पानी वहीपायी अख्खी गाडी मोडीत काढायला तिघेही तयार होते. याच हिशेबाने चाललं, तर दाढ दुखू लागलेल्या माणसाबद्दल ही मंडळी काय सल्ला देतील, या विचाराने मी त्यांच्यासमोर गालाला हात लावायचं सोडून दिलं आहे.

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. एका नम्र तरुणाने टॅबलेटवर बोट फिरवून सांगितलं, ‘सर, कोअर सुटा येत नाही. पूर्ण असेंब्ली येते.’

‘असेंब्ली म्हणजे?’

‘म्हणजे कोअर, त्याची पेटी, आतले फ्लॅप, सगळं एकत्र.’

‘पेटी आणि फ्लॅप माझे चांगले आहेत.’

‘हो सर. पण असेंब्लीच येते.’

चष्म्याच्या काडीचा स्क्रू पडला म्हणून दुकानात जावं आणि दुकानदाराने ‘स्क्रू सुटा येत नाही, पूर्ण चष्मा येतो, नाकासकट’ असं सांगावं, तसं ते होतं. मजुरी धरून आकडा एकतीस हजारांचा निघाला. माझा चेहरा पाहून त्याने पाणी मागवलं आणि म्हणाला, ‘सर, त्यापेक्षा एक्स्चेंज बघा ना!’ म्हणजे चिरंजीव, मेहुणे आणि बँक अधिकारी यांना एकत्र करून त्याच्या गणवेशात बसवलं होतं तर!

आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याचं टोक दुसरंच. तो म्हणाला, ‘काका, पुण्यात हीटर कशाला लागतो? दोन नळ्या इंजिनाकडेच एकमेकींना जोडून टाकतो. दहा मिनिटं. दोनशे रुपये द्या. बायपास!’

माझ्या वयाच्या माणसासमोर हा शब्द इतक्या आनंदाने उच्चारू नये. शिवाय हृदयाच्या बायपासमध्ये अडलेलं रक्त पोहोचवायची सोय करतात. या बायपासमध्ये ते कधीच पोहोचू नये अशी सोय असते. आपल्याकडच्या किती गाड्यांच्या हीटरवर हा अंत्यसंस्कार होऊन गेला असेल, देव जाणे. मालकांना पत्ताही नसतो, कारण त्यांचा नॉब निळ्या बाजूला असतो.

आणि हीटर लागतो कशाला? वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जिथे पडतो, त्या महाबळेश्वरला जुलैत गाडी घेऊन जा, म्हणजे कळेल. ढग रस्त्यावरच उतरलेले असतात. पाच माणसांच्या श्वासाने काच आतून धुरकटते. एसी लावला तर तो हवेतला ओलावा काढतो हे खरं, पण काच गार झाली की बाहेरून धुकं धरतं आणि मागच्या सीटवरची आजी स्वेटर मागते. उपाय एकच. एसीने हवा कोरडी करायची, हीटरने ती उबदार करायची आणि मग काचेवर सोडायची. काच भराभर स्वच्छ होते. म्हणजे हीटर हा गुलमर्गच्या सहलीचा शौक नव्हे. समोरचं दिसावं यासाठी तो असतो. आता समोरचं दिसणं हाच ज्यांना शौक वाटतो, त्यांच्यासाठी बायपास उत्तम.

तेव्हा मी कॉइलच बदलायची ठरवली. गॅरेजवाल्याने सुस्कारा टाकला आणि ‘सांगून ठेवतो हं काका, डॅशबोर्ड उतरवायला लागणार’ असं म्हणाला. मुलीच्या बापाला वरपक्षाच्या अटी सांगाव्यात असा त्याचा स्वर होता. सुटी कॉइल नाना पेठेत एका दुकानात मिळाली. सर्व्हिस सेंटरच्या टॅबलेटला जी गोष्ट अस्तित्वात नाही असं वाटत होतं, ती दुकानदाराने माळ्यावरून काढून धूळ झटकून दिली. किंमत एकोणीसशे रुपये.

मग खोलणं सुरू झालं. आधी बॅटरीची वायर काढून थोडा वेळ थांबायचं, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत वीज थोडी मुरून राहते आणि एअरबॅग भलत्या वेळी फुगली तर मेकॅनिकच उडतो. मग एसीचा गॅस यंत्राने काढून घ्यायचा, कारण आमच्या गाडीत एसीची कॉइल आणि हीटरची कॉइल एकाच पेटीत नांदतात. तो गॅस हवेत सोडून चालत नाही. पृथ्वी तापवण्याच्या कामात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपट तरी कर्तबगार आहे. मग स्टिअरिंग खाली, मग रेडिओ बाहेर, मग मीटर, मग हातमोज्यांचा खण. त्या खणात हातमोजे कधी कुणी ठेवले होते, हे एक कोडंच आहे. आमच्या खणामागे २००९ सालची द्रुतगती मार्गाची टोलची पावती सापडली आणि मुलीची एक केसांची पिन. गॅरेजमधला एकोणीस वर्षांचा पोरगा काढलेले स्क्रू श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत टाकत होता आणि प्रत्येक डब्यावर खडूने खूण करत होता. अकरा डबे भरले. संध्याकाळी गाडीकडे पाहिलं तेव्हा सोललेल्या फणसासारखी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉइल बदलली. तिला लागली दहा मिनिटं. मग उरलेला दिवस सगळं परत बसवण्यात गेला. शेवटी डब्यात दोन-चार स्क्रू उरतात असं विनोदी लेखकांच्या पिढ्या सांगत आल्या आहेत. मी वाट पाहत बसलो होतो, पण एकही उरला नाही. त्या पोराने माझ्या धंद्याचं नुकसान केलं, पण गाडीचं नाही.

हिशेब असा : कॉइल एकोणीसशे, गॅस आणि कूलंट सव्वीसशे, मजुरी नऊ हजार. एकूण साडेतेरा हजार. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. मजुरीबद्दल माझी तक्रार नाही. दोन माणसं दोन दिवस राबली, त्यांना पैसे मिळालेच पाहिजेत. माझी तक्रार अशी, की दहा मिनिटांच्या कामाभोवती दोन दिवसांचं कुंपण घातलं कुणी?

घातलं ते आखणाऱ्यांनी. आता कारखान्यात काय होतं पाहा. तिथे डॅशबोर्ड बहुतेक वेळा वेगळ्या जागी तयार होतो. तारा, मीटर, एअरबॅग, हीटरची पेटी, सगळं त्याच्या पोटात आधीच भरलेलं. मग तो अख्खा उचलतात, दाराच्या जागेतून आत घालतात आणि बोल्ट आवळतात. झटकन काम होतं. माझा बापडा पोरगा मात्र तोच खेळ उलट्या क्रमाने, अरुंद जागेत, पाठ वाकवून, श्रीखंडाच्या अकरा डब्यांच्या साहाय्याने खेळतो. कारखान्यात वाचलेल्या मिनिटांचं बिल सतरा-अठरा वर्षांनी माझ्यासारख्याच्या दारात येतं.

आपल्या फ्लॅटमध्ये हेच झालं आहे. पूर्वी चाळीत नळाचा पाइप भिंतीवरून उघडा जायचा. दिसायला वाईट, पण गळला तर कुठे गळतोय ते पोरसुद्धा सांगायचं. आता सगळं ‘कन्सील्ड’. भिंती देखण्या, टाइल्स इटालियन, आणि खालच्या मजल्यावरचे गृहस्थ ओल दाखवायला वर आले, की इटालियन टाइल्सवर मराठी छिन्नी चालते. मोटारीतसुद्धा हीटर आधी असा लपलेला नव्हता. १९३० च्या दशकात गरम पाण्याचे हीटर आले, तेव्हा ते वेगळे विकत घेऊन डॅशबोर्डखाली पेटीसारखे टांगत. अमेरिकेतल्या नॅश कंपनीने १९३८ साली बाहेरची ताजी हवा गाळून, तापवून आत घ्यायची पद्धत आणली, आणि पुढे हळूहळू हीटर गाडीचा अवयव झाला. अवयव झाला हे चांगलंच झालं. पण अवयव झाला म्हणजे पोट फाडल्याशिवाय हाताला लागू नये, असं कुठे लिहिलं आहे?

विद्वानांची बाजूही मला ठाऊक आहे. ते म्हणतील, हवा काचेच्या तळाशी सोडायची तर हीटर तिथेच हवा. अपघातात माणूस वाचावा म्हणून डॅशबोर्डमागे पोलादी तुळई हवी, एअरबॅग हव्यात. हे सगळं मला मान्य. जीव वाचवणाऱ्या तुळईशी माझं भांडण नाही. ते असंही म्हणतील, की जुन्या गाड्यांचं एवढं कौतुक नको. हेही खरं. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी कुणालाही पान्याने उघडता येई, आणि तसं वरचेवर उघडावंही लागे. उन्हाळ्यात घाटाघाटात बॉनेट वर करून वाफ जाण्याची वाट पाहत उभी असलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा ज्यांनी गळे काढले, त्यांतल्या निम्म्यांनी तिला कधी ढकललेलं नव्हतं. नव्या गाड्या कमी बिघडतात, हे सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ आहे.

पण मग ते शेवटचा पत्ता टाकतात : ‘ही कॉइल गाडीच्या आयुष्यभर टिकेल अशीच केलेली असते.’ इथे मात्र मी बाह्या सावरतो. गाडीचं आयुष्य किती, हे ठरवलं कुणी? सरकारदरबारी खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, आणि तपासणीत उत्तीर्ण झाली तर पुढे पाच वर्षं वाढवून मिळते. २०२२ च्या एप्रिलपासून त्या वाढीची फी सहाशेवरून पाच हजारांवर गेली. तीही मी भरली. निरीक्षकाने गाडी पाहिली, चालवली, पास केली. म्हणजे सरकार म्हणतं गाडी जिवंत आहे, मी म्हणतो जिवंत आहे, इंजिन म्हणतं जिवंत आहे, आणि एकोणीसशे रुपयांचा एक तुकडा म्हणतो, ‘आयुष्य संपलं.’ खुबी अशी, की ते त्या तुकड्याचं आयुष्य असतं, आणि लपवण्याच्या जागेमुळे ते गाडीचं होऊन बसतं.

आणि हे दुखणं नेमकं कुणाच्या वाट्याला येतं? नवी गाडी घेणाऱ्याच्या नाही. तो पाच-सात वर्षांत विकून मोकळा होतो. त्याला चकाकी मिळते. दुसरा मालक ती जपून वापरतो. तिसरा असतो तो तालुक्याच्या गावचा मास्तर, नाहीतर कॅटरिंगचा छोटा धंदा करणारा. आयुष्यात पहिल्यांदा बायकामुलांना चारचाकीत बसवून जेजुरीला नेण्यासाठी त्याने साठवलेले लाख-सव्वा लाख त्या गाडीत घातलेले असतात. श्रीखंडाचे अकरा डबे त्याच्या नशिबी येतात. त्याला साडेतेरा हजार परवडत नाहीत. मग तो बायपास करतो आणि काच फडक्याने पुसत पुसत घाट उतरतो. ज्याच्याकडे सगळ्यात कमी पैसे, त्याच्याकडे सगळ्यात जास्त तासांचं बिल. हा हिशेब शेजारच्या बँक अधिकाऱ्यांच्या घसाऱ्यात बसत नाही.

दुरुस्तीच्या हक्काबद्दल जगात काहीच चाललेलं नाही असं नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली लोकांनी मत देऊन असा कायदा आणला, की गाडीच्या दुरुस्तीची जी माहिती कंपनीच्या अधिकृत दुकानाला मिळते, ती बाहेरच्या गॅरेजलाही मिळाली पाहिजे. आपल्या ग्राहक मंत्रालयाने २०२२ साली या हक्कासाठी समिती नेमली, त्यात मोटारींचाही समावेश होता. वर्षाअखेरीस ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टलही उघडलं. उत्तम झालं. पण कायद्याने दुरुस्तीचं पुस्तक मिळतं, हात आत जायला जागा मिळत नाही. फ्रान्सने २०२१ पासून फोन, लॅपटॉप, टीव्ही, कपडे धुण्याचं यंत्र आणि गवत कापायचं यंत्र यांवर ‘हे किती दुरुस्त होतं’ याचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं केलं. गवत कापायच्या यंत्राला गुण आणि मोटारीला सूट! घराखालोखाल जिच्यात आपण सगळ्यात जास्त पैसे घालतो, तिचं प्रगतिपुस्तक कोरं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. गाडी लिटरला किती किलोमीटर जाते, ते छापतात. २०२३ च्या ऑक्टोबरपासून आपल्याकडे भारत एनकॅपची चाचणी सुरू झाली, तेव्हापासून धडकेत गाडी किती सुरक्षित याचे तारेही कळू लागले. त्याच कागदावर आणखी पाच ओळी छापा : हेडलाइटचा बल्ब, क्लच, पाण्याचा पंप, एसीची कॉइल, हीटरची कॉइल. प्रत्येकीपुढे बदलायला लागणारे तास. यासाठी नवं संशोधन नको. कुठल्या कामाला किती तासांची मजुरी लावायची, याचे तक्ते कंपन्या आपल्या सर्व्हिस सेंटरना देतातच. म्हणजे आकडा आहे. तो फक्त बिल करणाऱ्याला दाखवतात, बिल भरणाऱ्याला नाही. एकदा तो शोरूममध्ये लागला, की एका गाडीपुढे दोन तास आणि दुसरीपुढे सोळा तास दिसतील. मग पुढची गाडी आखताना कुठला तरी विद्वान पेन्सिल कानावर ठेवून विचार करील, की हातमोज्यांच्या खणामागे एक झाकण ठेवलं तर? तशी झाकणं ठेवता येत नाहीत असं नाही. विचारणारं कुणी नसतं, एवढंच.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी शोरूममध्ये गेलात, की विक्रेता सीटची शिवण दाखवील, छतातली खिडकी उघडून आभाळ दाखवील. सगळं पाहा, मान डोलवा आणि मग शांतपणे विचारा, ‘हीटरची कॉइल बदलायला किती तास लागतात हो?’ तो हसेल. तुम्ही हसू नका. तो मॅनेजरला बोलावील. मॅनेजर तुमच्यासाठी चहा मागवील. चहा जरूर घ्या, बिस्किटंही घ्या. पण उत्तर मिळाल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.